खोडरबर पेनच्या नळीला चिकटलं, आता काय?

प्रश्न: मी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. टिचकी मारली की पुढे येणारं पेनासारखं खोडरबर असतं ना, त्याच्या नुसत्या रिफिल स्वस्तात मिळाल्या म्हणून चार घेतल्या, आणि जुन्या जाड जेलपेनची पारदर्शक बॉडी कापून तीच होल्डर म्हणून वापरली. पंधरा दिवस मस्त चाललं. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले, परत येऊन बघते तर रिफिल आतून चिकटलेली, ओढली तर तुटली, आणि नळी आतून विरघळल्यासारखी. उन्हाने झालं का? घरच्या घरी नीट होल्डर बनवता येईल का? लेथ वगैरे माझ्याकडे काही नाही. (एक वाचक, पुणे)

उत्तर: उन्हाचा दोष नाही गं, असलाच तर थोडासा. ही पांढरी खोडरबरं बहुतेक पीव्हीसीची असतात, आणि पीव्हीसी मुळात कडक म्हणून ते मऊ राहावं यासाठी त्यात प्लास्टिसायझर नावाचं तेलकट द्रव्य घातलेलं असतं. ते हळूहळू बाहेर झिरपतं आणि शेजारी पॉलिस्टायरीन असलं, म्हणजे ते काचेसारखं कडक पारदर्शक प्लास्टिक, की त्यालाच मऊ करायला लागतं. कंपास पेटीत पट्टीवर खोडरबराचा ठसा उमटलेला आपण सगळ्यांनी शाळेत बघितलाय, तोच हा प्रकार. खोडरबरावर कागदी वेष्टण असतं ते काय उगाच नसतं, मी स्वतः लहानपणी ते पहिल्या दिवशीच फाडून टाकायचो ते सोडा. तर होल्डरचं पहिलं काम पकडणं नाही, खोडरबराशी भांडण न करणं. लाकूड, बांबू, पितळ, कागद, यांचं त्याच्याशी जमतं.

मी तुला बांबूचा करायला सांगेन. बुरूड आळीत जाऊन करंगळीपेक्षा जरा जाड, साधारण 14 मिमीचा तुकडा माग, दोन गाठींच्या मधला सरळ भाग 12 सेंमी निघाला की झालं. रिफिल आधी व्हर्नियरने, म्हणजे मिमीचेही भाग मोजणाऱ्या सरकत्या मापपट्टीने, मोज, कारण या रिफिल साधारण 6 ते 7 मिमीच्या असतात पण 'साधारण' वर ड्रिल मारू नकोस. रिफिलपेक्षा पाव मिमी मोठं भोक पुरे. बांबू आतून पोकळच असतो त्यामुळे ड्रिलची बिट सरळ जाते, मग काडीला पॉलिश पेपर गुंडाळून आतून गुळगुळीत करून घे, खडबडीत राहिलं तर रिफिल अडते. भोक मुळातच मोठं असलं तर आत कागदाची सुरळी सरकवायची, त्यात काही कमीपणा नाही.

आता पकड. ही युक्ती माझी नाही, अठराव्या शतकातले युरोपातले चित्रकार खडू धरायला पोर्ट-क्रेयॉन वापरायचे, धातूची नळी, टोकाला चिरलेली, आणि वरून सरकणारी कडी. कडी टोकाकडे ढकलली की चिरलेले जबडे आवळतात. आपण तेच बांबूत करायचं. बाहेरून कानस मारून सगळी नळी कडीतून आरामात जाईल इतकी बारीक कर, फक्त टोकाचे 8-10 मिमी अर्धा मिमी जाड ठेव. हा फरक ठेवला नाही तर कडी नुसती दागिन्यासारखी फिरत राहील, आवळणार काहीच नाही. कडी म्हणजे पितळी नळीचा 5-6 मिमीचा तुकडा, बोहरी आळीत नळी बघून घे, कापलेल्या कडा मात्र घासून घे नाहीतर बोट कापेल.

बांबूची खोड अशी की तो उभा फाटतो, एकदा चीर धावली की थेट मागपर्यंत. म्हणून टोकापासून 3 सेंमीवर गॅसच्या पाइपची क्लिप घट्ट आवळ, 25 मिमीवर दीड मिमीच्या बिटने आरपार भोक पाड, मग ते काटकोनात फिरवून अजून एक, आणि हॅक्सॉ ब्लेडने टोकापासून त्या भोकांपर्यंत दोन काप घे. चार जबडे तयार. भोकापाशी चीर थांबते. आता क्लिप काढ, कडी मागच्या बाजूने घाल आणि मगच क्लिपच्या जागी सुती दोरा फेविकॉल लावून दहा-बारा वेढे गुंडाळ. क्रम चुकवू नकोस, मी पहिल्या होल्डरला आधी दोरा गुंडाळला, फेविकॉल वाळलं, चहा झाला, आणि मग लक्षात आलं की कडी टेबलावरच आहे.

बाहेरून जवसाचं तेल चालेल. आत मात्र व्हार्निश अजिबात नको, प्लास्टिसायझर व्हार्निशलाही चिकट करतो आणि तू परत मला पत्र लिहिशील. वापरताना रिफिल 4-5 मिमीच बाहेर ठेव, जास्त काढली की वाकते आणि कागदावर काळपट फराटा मारते. ट्रेसिंगवर बारीक रेघ खोडायची असेल तर टोक ब्लेडने तिरकं काप, धारेने खोडता येतं. शेवटचा तुकडा पकडीत बसेनासा झाला की टाकू नकोस, पुढे ठेव आणि नवीन रिफिल मागून लावून ढकल.

प्रश्न: मुलगी यंदा एलिमेंटरी ड्रॉइंगला बसतेय. तिला असंच काही हवंय, पण घरात ड्रिल नाही आणि तिच्या हातात ब्लेड द्यायची माझी तयारी नाही. (एक आई, नाशिक)

उत्तर: ताई, मग कागदाचाच करा. जुन्या कॅलेंडरच्या कागदाची 8 सेंमी रुंद लांब पट्टी घ्या, रिफिलवर पहिले दोन वेढे कोरडे, पुढचे सगळे खळ किंवा फेविकॉल लावून, करंगळीइतकी जाडी येईपर्यंत. भुईनळ्याची सुरळी वळतात तसं. रात्रभर वाळू द्या. रिफिल मागून बारीक काडीने ढकलायची, सैल झाली तर भोवती कागदाचा एक वेढा वाढवायचा. दिसायला फार काही नाही, पण मुलीला रंगवू द्या, ती तो हरवणार नाही.

प्रश्न: जुन्या रिफिल कडक झाल्यात, खोडण्याऐवजी कागद चकाकतो. फेकू का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: आधी टोकाचे 2-3 मिमी कापून रफ कागदावर घासून बघा. वरची साय निघाली की बऱ्याचदा आतलं मऊ असतं. तरीही चकाकलं तर फेका, त्यातलं मऊ करणारं द्रव्य गेलेलं असतं, ते गरम पाण्यात टाकून परत येत नाही. मी टाकून बघितलंय.