पोराचं गणित कच्चं नाही, दादा

दादा, तासगावहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा सांगलीत कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, बारावीला गणितात ९६ आणि आता डिस्क्रीट मॅथ्समध्ये (तर्क, सिद्धता, मोजणी यांचं कॉम्प्युटरला लागणारं गणित) नापास, म्हणून तुम्ही विचारताय की ब्रँच बदलू का एमपीएससीला बसवू. राग मानू नका, पण मला त्याच्या मार्कांपेक्षा तुमच्या एका ओळीची काळजी वाटली, की रोज रात्री ९ ला व्हिडिओ कॉल करून वही कॅमेऱ्यापुढं धरायला लावतो आणि पानं मोजतो. अहो, या विषयात एक प्रूफ, म्हणजे सिद्धता, सुचायला दोन-दोन तास जातात आणि वहीत उतरतात पाच ओळी, म्हणजे ज्या दिवशी पोरगं खरा अभ्यास करतं त्याच दिवशी ते तुमच्यापुढं गुन्हेगार ठरतं, मग ते गाईडमधली उत्तरं उतरवून पानंच भरणार ना. आणि अख्ख्या पत्रात तो स्वतः काय म्हणतो याची एक ओळ नाही. विचारलंय का त्याला कधी?

तुम्ही द्राक्षवाले. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर घड दिसत नाहीत म्हणून बाग काढून टाकता का? काडी तयार होतेय हे माहीत असतं, ऑक्टोबर छाटणीपर्यंत दम धरता. इथंही धरा.

आता उत्तरपत्रिकेचा फोटो. पहिल्या विषम संख्यांची बेरीज वर्गच येते हे सिद्ध करायचं होतं. त्यानं १+३=४, १+३+५=९, १+३+५+७=१६ असं करून खाली "म्हणून सिद्ध" लिहिलं आणि ६ पैकी ० पडले, तुम्ही म्हणता सरांनी अन्याय केला. नाही दादा, सर बरोबर आहेत. एक करून बघा, ० पासून पुढची कुठलीही पूर्ण संख्या घ्या, तिचा वर्ग करा, त्यात तीच संख्या मिळवा, वर ४१ मिळवा. ० पासून ३९ पर्यंत प्रत्येक वेळी मूळ संख्या येते, चाळीस वेळा! आणि ४० घातले की १६८१, म्हणजे ४१ गुणिले ४१, मूळ संख्या नाहीच, संपलं. उदाहरणं तपासणं म्हणजे सिद्ध करणं नव्हे, बारावीपर्यंत हे कुणी सांगतच नाही आणि हुशार पोरं इथंच अडकतात. त्याला इतकंच लिहायचं होतं की एकच विषम संख्या घेतली तर हे खरं आहे (१ म्हणजे १ चा वर्ग), आता क ही कुठलीही संख्या मानून पहिल्या क विषम संख्यांची बेरीज क चा वर्ग धरली, तर पुढची विषम संख्या २क+१, ती मिळवली की होतो (क+१) चा वर्ग, म्हणजे एका पायरीवरून पुढची मिळतेच. याला इंडक्शन म्हणतात.

ब्रँच बदलू नका. गेटच्या, म्हणजे एम.टेक. प्रवेशाच्या परीक्षेच्या, कॉम्प्युटर पेपरला हाही विषय आहे, एमपीएससी पदवीनंतरही देता येते.

रात्रीचा कॉल आजपासून बंद करा. रविवारी फोन करा, जेवलास का विचारा, वहीचं नाव काढू नका. आणि ० पडलेलं ते उत्तर त्याला स्वतःच्या शब्दांत परत लिहून मला पाठवू दे, पुढचं पत्र त्याचं येऊ दे, मी त्यालाच उत्तर देईन.