फुगा फुगला, वजन घटले

प्रश्न : व्हिनेगरच्या बाटलीला खायच्या सोड्याचा फुगा लावून तोलले. फुगा फुगल्यावर वजन ०.६ ग्रॅमने घटले. मग वस्तुमान अक्षय्य असल्याचे सिद्ध कसे करायचे?

उत्तर : वस्तुमान कुठेही गेले नाही. अर्धा लिटर फुगलेला फुगा तेवढीच हवा बाजूला सारतो आणि ती त्याला ०.६ ग्रॅमने उचलून धरते. एक लिटरची कोल्ड्रिंकची प्लॅस्टिक बाटली घ्या (काचेची नकोच), ५० मिलि व्हिनेगर, टिश्यूच्या पुडीत २ ग्रॅम सोडा. हे सगळे झाकणासकट आधी तोला, पुडी टाकून झाकण घट्ट लावा, पुन्हा तोला. काटा हलणार नाही.

पण ही सिद्धता नव्हे, पडताळा. काटेकोर बोलायचे तर नियम चुकतोच : १२ ग्रॅम कार्बन जळून उष्णता निघून गेली, की तिच्यासोबत वस्तुमानही जाऊन सुमारे ४ अब्जांश ग्रॅम कमी भरतात.