बाहेर काय खावं, घरी काय शिजवावं

कोल्हापुरात नवीन आहेस, तर मटण बाहेरच खा, आणि तेही साध्या खानावळीत. तांबडा-पांढरा रस्सा मोठ्या पातेल्यात, मटण शिजवलेल्या अळणी पाण्यावरच जमतो. एकट्यापुरत्या पाव किलोत ती चव उतरत नाही. मुंबई-पुण्यात मेनूवर ‘कोल्हापुरी’ दिसलं तर मात्र जपून. बऱ्याच ठिकाणी ते नुसतं तिखटजाळ असतं. खरी करामत कांदा-लसूण मसाल्याची. उन्हाळ्यात तो डंकावर कुटून आण, बरणी भरून ठेव. मग मटकीची उसळसुद्धा घरी झकास होते.

मालवणला गेलास तर उलटं. सकाळी बाजारातून ताजा बांगडा आणायचा, ओलं खोबरं वाटायचं, शेवटी तिरफळं (कोकणातला वासाचा मसाला) ठेचून टाकायची. अर्ध्या तासात होणारी ही आमटी मला तरी हॉटेलपेक्षा सरस लागते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. तेव्हा हॉटेलात सुरमई मागवण्याआधी ती कुठली, कधीची, हे बिनधास्त विचार. या दिवसांत घरी सुक्या जवळ्याची किसमूर (कांदा-खोबरं घालून केलेली कोशिंबीर) कर, सोबत गरम भात.

पिठलं-भाकरी आणि वरणभात मात्र आधी स्वतः शिकून घे. त्यासाठी हॉटेलात पैसे घालवू नकोस.