अंघोळीच्या बादलीतले ज्यूल

‘मॅडम, सगळं पाठ करते, पण पेपरात एकमेकांत मिसळतं. सायन्स सोडू का?’ अकरावीची मुलगी, शेजारी वडील. ऊर्जेच्या एककांवरची गणितं आली की तिचे हात गार पडायचे. दरवर्षी कुणीतरी हीच तक्रार घेऊन येतं.

वहीत रंगीत तक्ता होता: ज्यूल, अर्ग, कॅलरी, इलेक्ट्रॉन-व्होल्ट, किलोवॅट-तास. घडाघडा म्हणूनही दाखवला, एक चूक नाही. मग मी उत्तरपत्रिका मागितली. तिथे तिने किलोवॅटला तासांनी भागलं होतं. ‘वेगात किलोमीटर प्रति तास असतं ना, तसंच वाटलं.’

ही निष्काळजीपणाची चूक नव्हती. तिने विचार केला होता, फक्त ‘किलोवॅट-तास’मधल्या रेघेने फसवलं. हे मी आधी वडिलांना सांगितलं, कारण ते ‘लक्षच नसतं तिचं’ म्हणत आले होते. वॅट म्हणजेच सेकंदाला एक ज्यूल. भागाकार त्यातच होऊन गेलेला असतो. वेळेने गुणलं की ऊर्जा मिळते. १००० वॅट गुणिले ३६०० सेकंद, म्हणजे ३६ लाख ज्यूल. लाइट बिलावरचं एक युनिट ते हेच.

तक्ता मिटवायला लावला आणि विचारलं, ‘अंघोळीला किती पाणी घेतेस?’

‘बादलीभर. पंधरा लिटर असेल.’

ते २५ अंशांवरून ४५ वर न्यायचं. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापायला एक कॅलरी, म्हणजे ३ लाख कॅलरी. कॅलरीचे साधारण ४.१८ ज्यूल धरले तर साडेबारा लाख ज्यूल. त्याला ३६ लाखांनी भागलं की ०.३५ युनिट. बादली एकच, आकडे तीन. गुणाकार तिनेच केले. मी फक्त पाणी पुरवलं. बिस्किटाच्या पुड्यावरची कॅलरी मात्र हजार पट मोठी, किलोकॅलरी असते, हे ऐकून ती चिडली. रास्तच होतं. इलेक्ट्रॉन-व्होल्ट मी त्या दिवशी मुद्दाम काढलाच नाही. तो अणूंच्या मापाचा, बादलीत बसत नाही.

सायन्स सोडायचं की नाही, यावर आम्ही बोललोच नाही.

पुढच्या आठवड्यात ती आली ती हिशोब घेऊनच. ‘मॅडम, आमचा गिझर २००० वॅटचा, वीस मिनिटं चालतो. २४ लाख ज्यूल झाले. बादलीला साडेबाराच लागतात. मग बाकीचे कुठे गेले? मी आज वर्गात सरांना विचारलं.’