निफाडच्या थंडीत पहिले पिल्लू
निफाड परिसरात डिसेंबर-जानेवारीत पारा कधीकधी ५-६ अंशांपर्यंत उतरतो, त्यामुळे पहिल्यांदाच पाळलेल्या कुत्र्याच्या पिल्लाला थंडी बाधेल का, त्याला स्वेटर घ्यावा का, ही आपली काळजी रास्त आहे. मात्र स्वेटर घेण्याआधी पिल्लाच्या अंगाखालच्या फरशीकडे लक्ष द्यावे. शहाबादी फरशी रात्रभर अंगातील ऊब ओढून घेते, म्हणून दुहेरी गोणपाट, त्यावर जुनी गोधडी आणि तेही दाराच्या फटीतून येणाऱ्या वाऱ्यापासून दूर, एवढी सोय आधी करावी. आमच्या पहिल्या कुत्रीने महागडा स्वेटर दोन दिवसांत कुरतडला, गोधडी मात्र तीन हिवाळे वापरली.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका दोन:
- संध्याकाळी आंघोळ घालून अंग ओलसर सोडणे.
- बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवणे; तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड माणसांच्याही जिवावर बेततो.

पिल्लू कुडकुडत राहिले, सुस्तावले किंवा खाईनासे झाले, तर त्याच दिवशी पशुवैद्यांना दाखवावे.