लँडिंगला डावाच पंख का पडतो?

प्रश्न : माझं दीड मीटर पंखाचं, बाल्साच्या हलक्या लाकडाचं, रिमोटवर उडणारं लो-विंग (पंख खालच्या बाजूला असलेलं) स्टंट विमान आहे, पंख मुळाशी ३० सेंमी रुंद आणि टोकाला १५. लूप, रोल मस्त होतात पण लँडिंगला स्पीड कमी केला की डावा पंख झपकन पडतो, दोनदा लँडिंग गिअर तुटलं. प्रवासी विमानांसारखे विंगलेट (पंखाच्या टोकाचे वर वळलेले तुकडे) लावू का? मित्र म्हणतो वॉशआउट दे. – एक वाचक, नाशिक

उत्तर : विंगलेट अजिबात नको. ते लांबच्या प्रवासात इंधन वाचवायला असतात, तुमच्याकडे नुसतं टोकाचं वजन वाढेल आणि रोल जड होईल. तुमचा त्रास टिप स्टॉलचा आहे, म्हणजे वेग कमी झाला की पंखाच्या टोकावरची हवा सुटते आणि तिथली लिफ्ट (उचल) जाते. टोकाची रुंदी निम्मी म्हणजे तिथला रेनॉल्ड्स नंबरही (वेग आणि रुंदीवरून निघणारा हवेच्या प्रवाहाचा आकडा, तो कमी तर हवा लवकर सुटते) निम्मा, सेकंदाला १२ मीटर वेगाने मुळाशी साधारण सव्वादोन लाख तर टोकाला सव्वा लाखाच्याही आत, तिथे हवा पंखाला धरून राहत नाही, त्यात निमुळत्या पंखात टोकाला रुंदीच्या मानाने लिफ्टचा भार जास्त, मग टोकच आधी स्टॉल होणार.

वॉशआउट, म्हणजे टोकाची पुढची कड दोनेक अंश खाली पिळणं, ट्रेनरला (शिकायच्या विमानाला) झकास. पण तुम्ही विमान उलटं पण उडवणार, आणि उलटं झालं की तोच पीळ वॉश-इन, म्हणजे टोकाची पुढची कड वर पिळल्यासारखा होतो, टोक आणखी लवकर सुटतं. म्हणून स्टंटच्या पंखाला पीळ नको, टोकाकडच्या तिसऱ्या भागात लीडिंग एज (पुढची कड) टोकदार असेल तर घासून गोल करा, दोन्हीकडे अगदी सारखी.

पण मला खरं खटकतंय ते 'डावाच'. विमान स्पिनरच्या (नाकावरच्या पंख्याच्या टोपीच्या) टोकाला आणि शेपटीला बोटांवर तोलून धरा, डावा पंख खाली झुकला तर उजव्या टोकात एखादं नाणं चिकटवा. मग मागून एक डोळा मिटून बघा, पंखावरची प्लास्टिकची फिल्म ताणली जाऊन पंखाला पीळ पडलाय का, असला तर हीट गन फिरवत उलटा पिळून थंड होईपर्यंत धरून ठेवा. आणि पंख पडताना एलरॉनने (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्टीने) उचलू नका हो, एलरॉन खाली गेला की त्याच टोकाचा हवेशी अँगल वाढतो आणि ते आणखी स्टॉल होतं! एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची आडवी पट्टी) सोडा, थ्रॉटल द्या, उजवा रडर (शेपटीची उभी पट्टी) द्या.

हे सगळं झालं की भरपूर उंचीवर थ्रॉटल बंद करून हळूहळू एलिव्हेटर ओढून बघा. कधी डावा कधी उजवा पडायला लागला तर पीळ-वजनाचा दोष गेला समजा, राहिलं ते लीडिंग एजचं काम.