'पालकांचा व्यवसाय' या रकान्याविषयी

चि. मुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. वसतिगृहाच्या अर्जात 'पालकांचा व्यवसाय' या रकान्यात तू आधी 'ऊसतोड मजूर' असे लिहिलेस, मग ते खोडून 'शेती' केलेस आणि त्या खाडाखोडीची रुखरुख तुला रात्रभर लागून राहिली, हे वाचून मन पन्नास वर्षे मागे गेले. घरी दीड एकर कोरडवाहू आहे, म्हणजे 'शेती' हे खोटे नाही, असे तू म्हणतेस. ते मान्य, पण वर्षातले जवळजवळ सहा महिने ज्या कामावर तुमची चूल पेटते, ते काम त्या शब्दात कुठेच येत नाही.

मीही कोयत्याचाच मुलगा. नवरा-बायको मिळून एक कोयता, ही मोजणी तुला समजावून सांगायला नको. दिवाळीच्या सुमारास आम्ही बीडहून सांगली-कोल्हापूरकडे निघायचो आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परतायचो. आईवडील अंधारातच उसाच्या फडावर गेले की कोपीत, म्हणजे आमच्या तात्पुरत्या झोपडीत, धाकट्या बहिणीला सांभाळणे हे माझे काम, आणि तोवर गावच्या शाळेच्या हजेरीपटावर माझ्या नावापुढे गैरहजेरी भरत असे. दहा-अकरा वर्षांचा असताना एका हंगामाच्या शेवटी टोळीच्या मुकादमाने वडिलांना सांगितले की उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, फिटलेली नाही, उलट बाकी निघते. वडील मान हलवून परत आले. वजनाच्या सगळ्या पावत्या त्यांनी भाकरीच्या फडक्यात बांधून जपल्या होत्या, पण त्यांवरचे आकडे त्यांना वाचता येत नव्हते. त्या रात्री चिमणीच्या उजेडात मी त्या पावत्या पसरल्या. हातचा घेऊन बेरीज मला येत होती. क्विंटलचे टन करून त्याला टनामागचा भाव लावणे येत नव्हते. तीन रात्री मी झटलो, आणि शेवटी जी रक्कम आली ती बरोबर आहे की नाही हे वडिलांना छातीठोकपणे सांगता आले नाही.

मी शाळेला चिकटून राहिलो तो त्या अपुऱ्या हिशेबापायी. मोठा माणूस होण्याचा विचार तेव्हा मनाला शिवलाही नव्हता. हे तुला मुद्दाम सांगतो आहे, कारण तुझ्या पत्रात 'नातेवाइकांना करून दाखवायचे आहे' हे वाक्य दोनदा आले आहे. तुझी चीड मला समजते आणि ती रास्त आहे. पण चिडीवर उभी राहिलेली जिद्द पहिल्या सत्रात, इंग्रजीतले व्याख्यान डोक्यावरून जाते आणि खोलीतल्या मुलीचे कपडे आपल्याहून चांगले असतात, तेव्हा फार लवकर ओसरते. ज्यासाठी आज संध्याकाळीच काहीतरी करता येईल, असे कारण तू शोध. तुझ्या आईच्या कंबरेचे दुखणे आणि त्यावर औषध म्हणून ती घेते त्या गोळ्या, यांविषयी तू पानभर लिहिले आहेस. परिचारिका व्हायचे तुझ्या मनात का आले, हे मला त्या पानावरून जास्त कळले.

दुसरी गोष्ट मदतीची. 'कुणाचे उपकार नकोत, स्वतःच्या बळावर शिकेन' असे तू लिहितेस. कर्मवीर भाऊराव पाटलांहून स्वावलंबनाचा मोठा आग्रह महाराष्ट्रात क्वचितच कुणी धरला असेल. १९१९ साली त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली ती साताऱ्याला आणली, आणि 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' म्हणत निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीला बसवून त्यांना श्रम करून शिकायला लावले. तरीही त्यांच्या वसतिगृहातील मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. त्या मुलांचे स्वावलंबन त्या अन्नाने उणे झाले नाही. पुण्याच्या विद्यापीठात आज भाऊरावांच्याच नावाने 'कमवा आणि शिका' योजना चालते. तुझ्या महाविद्यालयात अशी सोय असेल तर पहिल्याच आठवड्यात नाव दे. शिष्यवृत्तीचा अर्जही तितक्याच ताठ मानेने भर, कारण तुझ्या आईवडिलांनी तोडलेल्या उसावर या राज्यातले कारखाने चालले आहेत आणि त्यातला काही वाटा तुझ्या शिक्षणाकडे वळला तर ते भीक मागणे होत नाही.

तेव्हा तो रकाना पुन्हा लिही. खोडलेल्या अर्जावर गिरवू नकोस. नवा कोरा अर्ज घे आणि 'ऊसतोड मजूर' असे स्वच्छ अक्षरात लिही. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी शासनाची वेगळी वसतिगृहे आहेत, त्यांची चौकशी समाजकल्याणच्या कार्यालयात कर. 'शेती' लिहून तू स्वतःच ते दार लावून घेत होतीस.

आणि एक काम मात्र ताबडतोब. आईबाबा यंदा दसऱ्यानंतर लगेच निघणार असतील, तर त्याआधी वडिलांना तहसीलला घेऊन जाऊन उत्पन्नाचा दाखला काढ आणि बँकेच्या कागदांवर त्यांच्या सह्या किंवा अंगठे घेऊन ठेव. एकदा टोळी फडावर गेली की एका सहीसाठी त्यांना खाडा करावा लागेल आणि त्याचे पैसे त्यांच्या हिशेबातून कापले जातील. दाखला हाती आला की मला फोन कर. बाकीचे कागद आपण दोघे बसून लावू.

तुझा,
सर